मनातील भय आणि चित्रपटाची शिफारस
(जामुल, भिलाई येथील चित्रपटरसिकांपुढील भाषण)



एक मनुष्य दुसऱ्याला चित्रपट सुचवतो, तेव्हा तो बहुधा त्याचे कथानकच सांगून टाकतो. कौटुंबिक वा पौराणिक चित्रपटाच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षक रडावयाचे तेथे रडतोच. मनोवैज्ञानिक भयपटाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यातील भय घटनेपेक्षा अनिश्चिततेत अधिक असते, आणि कथानक सांगणारा नेमकी ती अनिश्चितताच हिरावून घेतो. आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ प्रदर्शित केला, तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडक त्याने चित्रपटगृहांना घालून दिला होता. त्या काळी अमेरिकेत प्रेक्षक वाटेल तेव्हा येऊन बसत. हा दंडक जाहिरातीची युक्ती होता, हे खरेच. परंतु या प्रकारच्या चित्रपटाचे मर्मही त्यात होते.

मराठी वाचकाला हे मर्म समजावून सांगण्याचे कारण नाही. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ज्याने वाचल्या आहेत, त्याला ‘भय’ आणि ‘गूढ’ या दोन शब्दांतील अंतर परिचयाचे आहे. एकात बाहेरून काहीतरी घरात शिरते. दुसऱ्यात ते आधीपासूनच घरात, किंबहुना घरातल्या माणसात, असते. प्रस्तुत विषय या दुसऱ्या जातीच्या चित्रपटांचा आहे.

जामुलसारख्या गावी असे चित्रपट पाहणाऱ्यांची एक अडचण आहे, तिचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून हा सारा परिसर, आणि त्यात सिमेंटचे जामुलही आले, पाळ्यांच्या हिशेबाने जगतो. घरातील कर्ता मनुष्य रात्रपाळीला गेलेला, मुले झोपलेली, आणि दाराची कडी वाजली तर उघडावी की नाही हा प्रश्न येथे कित्येक घरांत नित्याचाच आहे. रामगोपाल वर्मांचा ‘कौन’ (१९९९) नेमका याच प्रश्नावर उभा आहे. घर एक, पात्रे तीन, गाणे एकही नाही. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आत ऊर्मिला मातोंडकर एकटी आहे आणि दारावर मनोज वाजपेयी उभा आहे. याहून अधिक सांगणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीवाल्यांच्या घरी हा चित्रपट सुचवावा काय? सुचवावा, परंतु रविवारी दुपारी पाहण्यासाठी.

मराठीत या वाटेवरचा ठळक टप्पा म्हणजे वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६). आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या भूमिका आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे तो लोकांच्या स्मरणात राहिला. किंबहुना गाणी इतकी लोकप्रिय झाली की हा मुळात भयपट आहे, हे अनेकांच्या ध्यानातही राहिले नाही. एका तरुणीला जे छळते ते सावलीचे भूत की मनाचा खेळ, हा त्यातील प्रश्न. आजच्या प्रेक्षकाला त्याची गती मंद वाटेल. तरीही घरातील वडीलधाऱ्यांसह बसून पाहण्याजोगा असा चित्रपट या जातीत दुर्मीळच आहे.

येथवर केवळ आवडीनिवडीचा प्रश्न होता. आता जो प्रश्न येतो तो अधिक गंभीर आहे. ‘हे भूत आहे की आजार?’ हा संशय पडद्यावर रंजक असतो. वस्तीत तो तसा असत नाही. छत्तीसगढमध्ये एखाद्या बाईला ‘टोनही’ ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार इतके होते की राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट रोजी खून झाल्यानंतर तो अध्यादेशाच्या रूपाने आला. ज्या मोहल्ल्यात हा इतिहास आहे, तेथे भयपटाची शिफारस करणाऱ्याने चित्रपट किती घाबरवतो एवढेच पाहून भागत नाही. शेवटी भयाचे ओझे चित्रपट कोणाच्या माथी ठेवतो, हेही त्याला पाहावे लागते.

या कसोटीला ‘मणिचित्रताळ’ हा १९९३ सालचा मल्याळी चित्रपट उत्तम उतरतो. दिग्दर्शक फाजील, शोभनाला त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची उकल आता सर्वश्रुत असल्याने ती सांगण्यास प्रत्यवाय नाही. जुन्या वाड्यात वावरणारी नर्तकी म्हणजे भूत नव्हे, तर एका सुनेच्या मनाचे दुभंगणे आहे. विशेष असे की तिच्यावर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ मांत्रिकाला हाकलून देत नाही. त्याच्या विधीचाच तो उपचारासाठी उपयोग करून घेतो. वैद्यकीय दृष्ट्या हा उपचार शंकास्पद आहे. परंतु आजारी स्त्रीविषयी संपूर्ण चित्रपटात एकही तुच्छतेचा शब्द नाही, आणि शेवटी तिला तिचे घर परत मिळते. प्रियदर्शनने यावरूनच हिंदीत ‘भूल भुलैया’ (२००७) केला. तो पाहिलेले श्रोते येथे पुष्कळ असतील. त्यांनी मूळ चित्रपट अवश्य पाहावा. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या भागात मात्र भूत खरेच अवतरले. धंद्याच्या दृष्टीने आजारापेक्षा भूत अधिक किफायतशीर असावे.

‘गहराई’ (१९८०) ही या कसोटीची अवघड बाजू. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग, प्रमुख भूमिकांत डॉ. श्रीराम लागू आणि पद्मिनी कोल्हापुरे. भाषा हिंदी असली तरी हे बव्हंशी मराठी बुद्धीचे अपत्य आहे. वडिलोपार्जित जमीन विकली जाते आणि शहरात राहणाऱ्या त्या कुटुंबातील कोवळ्या मुलीचे वागणे बदलू लागते. डॉक्टर येतात, मांत्रिकही येतात. चित्रपट झपाटणे खरे मानतो, हा त्याचा मोठा दोष. आणि टोनहीच्या मुलखात तो दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि येथे संशयाचे बोट कोणा म्हातारीकडे वळत नाही. मुलीच्या तोंडून जे बाहेर पडते त्याने घरातील प्रतिष्ठित, विवेकी पुरुषाचाच झोप उडवणारा हिशेब मांडला जातो. लागूंच्या चेहऱ्यावरील ते आक्रसत जाणे पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. तेंडुलकरांची नाटके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्यात त्यांचा हात लपणार नाही. फक्त ज्या घरात नुकतेच कोणाचे मानसिक दुखणे झाले असेल, त्या घरी तो सुचवू नये. मुलीचे हाल पाहताना तेथील माणसांना करमणूक होणार नाही.

विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७) हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून गेला. उसाचे रान भयपटासाठी किती सोयीचे आहे, हे ‘लपाछपी’ने दाखवून दिले, उंच, दाट, चारही बाजूंना सारखेच. पूजा सावंतने रंगवलेली गर्भवती स्त्री त्या रानात अडकते. भुतामागे समाजाचा जो अपराध उभा आहे, तो चित्रपटानेच सांगावा हे बरे. मात्र पोटुशी बाई घरात असेल तर हा चित्रपट निदान वर्षभर बाजूला ठेवावा.

‘तुंबाड’चे (२०१८) नाव या यादीत सर्वप्रथम यावयास हवे होते, असे अनेकांना वाटेल. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट धारपांच्या कथेवरून स्फुरला. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत तो घडतो. त्यातील पाऊस, चिखल आणि पडका वाडा यांना हिंदी चित्रपटात तोड नाही. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी लोटली. तरीही काटेकोरपणे पाहता त्यातील राक्षस बाहेरचा आहे. आतला आहे तो लोभ. ज्याला गूढ चित्रपटांची सवय नाही, त्याला आरंभी ‘तुंबाड’च द्यावा, कारण त्यात पाहण्यासारखे खूप आहे आणि संशय थोडा.

परदेशी चित्रपटांपैकी येथे एकच सांगावयाचा आहे. जॅक क्लेटनचा ‘दि इनोसंट्स’ (१९६१) हा हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या कथेवर आधारलेला आहे. दोन मुले, एक शिक्षिका आणि एक मोठे घर. भुते मुलांना दिसतात की फक्त शिक्षिकेला, याचे उत्तर चित्रपट देत नाही. तो पाहून झाल्यावर दोघांनी आपापले मत चिठ्ठीवर लिहावे आणि मगच एकमेकांना दाखवावे. पुष्कळदा नवराबायकोच्या चिठ्ठ्या जुळत नाहीत.