जुना कार्बन जातो कुठे?

मी तिरुप्पनंदाळहून बोलतोय. इथून जवळच कोळ्ळिडम नदीवर ऑर्थर कॉटननं १८३६ साली बांधलेला बंधारा आहे. पुरात ते पाणी थेट चहासारखं दिसतं: गाळ, आणि कुजलेला पालापाचोळा. म्हणजे कार्बनच.

आता चला सायबेरियात, कोलिमा नदीवर. तिथली जमीन हजारो वर्षं गोठलेली. हिमयुगातल्या गवताची मुळं तिच्यात कुजलीच नाहीत. जमीन वितळली की ते सगळं ओढ्यांत उतरतं. कार्बन-१४ वरून वय काढलं, तर २०,००० वर्षांहून जास्त! पण नदीच्या मुखाशी पाणी तपासा: विरघळलेला कार्बन बहुतेक ताजा. मग जुना गेला कुठे? वाटेतच जिवाणूंनी फस्त केला, आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. फक्त मुखाशी मोजणारा फसतो. मीही आधी तेच आकडे बघून निर्धास्त होतो.

उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनीत हवेतल्यापेक्षा साधारण दुप्पट कार्बन आहे. तो सुटला तर ऊन वाढणार, समुद्र चढणार. आणि आमची कावेरीकाठची भातशेती समुद्राकडे आधीच सखल आहे. म्हणून हल्ली मी आधी ओढ्यांचे आकडे शोधतो.