हूटर बंद होत नाही तेव्हा
(उत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीसमोर, तेही प्रसादाच्या आधी, आतड्यांवर बोलायचे म्हणजे धाडसच. मी डॉक्टर नाही, डिप्लोमावाला इंजिनिअर. पण माझ्या धाकट्या भावाला शौचावाटे रक्त जायचे आणि आम्ही घरच्यांनी मूळव्याध समजून वर्ष घालवले. निघाला अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याच्या परवानगीने बोलतो आहे.

आपल्या कॉलनीत हूटर झाला की अपघात मदत गाडीची माणसे ताटावरून उठून धावतात. शरीरातही तसेच आहे. पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी प्रथिने सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ-अल्फा हे त्यांतले एक प्रमुख. जंतू शिरला की ते सुटते, रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते आणि पांढऱ्या पेशी तिथे उतरतात. काम झाले की हूटर थांबायला हवा. या आजारात थांबत नाही. आलेली पेशी आपला वेगळा हूटर वाजवते, आणखी पेशी येतात, आणि मदतीला आलेलेच रूळ उखडू लागतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सोलवटते. क्रोन्समध्ये आतड्याची पूर्ण भिंत.

टीएनएफला पकडून ठेवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी आणि २००५ साली कोलायटिससाठी मान्यता मिळाली. मग सगळेच हूटर बंद का करू नयेत? इंटरल्यूकिन-१७ अडवणारे औषध क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिले. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला : फायदा नाहीच, उलट काहींचा आजार बळावला. तोच रेणू आतड्याच्या अस्तराची डागडुजीही करतो, असे आता मानतात.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट. क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा पेशींचा वेढा टीएनएफच टिकवते. ते अडवले की झोपलेला क्षय उठू शकतो. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी. भावाची चाचणी पॉझिटिव्ह आली. आधी क्षयाच्या गोळ्या, मग इंजेक्शन. उशीर होतो म्हणून मी तेव्हा डॉक्टरांशी भांडलो होतो. आज त्याची लाज वाटते.

भाऊ मागच्या रांगेत बसला आहे. बरे वाटते, आता औषध सोडू का, असे त्याने परवाच डॉक्टरांना विचारले. ते नाही म्हणाले. पुढचे इंजेक्शन विसर्जनानंतरच्या सोमवारी आहे.