दुधाचे दात, आईबापांचा हात



"दुधाचे दात काय, पडणारच की!" असं आपण सहज म्हणतो. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. दाढ किडली की पोर रात्रभर रडतं, जेवत नाही, अंग धरत नाही.

तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते दात पोखरतं. म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात देऊन मुलाला निजवू नका. रडलं की गोळी-बिस्कीट, ही सवय लावू नका.

पहिला दात दिसला की मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन सकाळी आणि निजताना दात घासा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी घ्या. राखुंडी, मिश्री मुळीच नको. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम आईबापांचंच. हिरडीजवळ पांढरा डाग दिसला तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आता सांगा, एक कडेवर, एक पाळण्यात, एक पोटात. मग कुणाचे दात कोण घासणार? दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. तांबी, गोळ्या, निरोध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दोघं मिळून या, दोघं मिळून विचारा.