काट्याला न दिसणारा ठोका

(तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक शिकलेला. दिवसा गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. आज मात्र बोलणार आहे यंत्रावर. माइक, मीटर, मिक्सर, टेप. कुणी म्हणेल, आपला प्रश्न भाकरीचा, खोलीचा, नोकरीचा, आणि हा माइकचं पुराण काय लावतोय? लावतोय, कारण ज्याच्या हातात आवाज भरायचं यंत्र, तो उद्या सांगणार की या देशात कोण गात होतं आणि कोण नुसतंच बोंबलत होतं.

आधी माइक घ्या. त्यात जादूबिदू काही नाही. माइक म्हणजे उलटी हलगी. हलगीवर टिपरू पडतं, कातडं थरथरतं, त्यानं हवा हलते. माइकमध्ये हवा येऊन पातळ पडदा हलवते. डायनॅमिक माइकच्या पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. ते लोहचुंबकात हललं की वीज तयार. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकचा पडदा आणखी नाजूक, त्याला बहुतेक वेळा मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. बस्स. हे कातडं कुणी कमावलं, कुणी वाजवलं, माइक विचारत नाही.

मग भेद शिरतो कुठं? आधी काट्यात बघा.

मिक्सरवर मीटर असतो. जुना, काटा हलणारा, त्याला म्हणतात व्हीयू मीटर. १९३९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून त्याचं माप ठरवलं. त्याच्या काट्याला पूर्ण चढायला ३०० मिलीसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मुद्दामच सुस्त ठेवलाय, डोळ्यांनी वाचता यावा म्हणून. निवेदकाचं बोलणं, व्हायोलिनचा लांब सूर, याला तो ठीक चालतो.

पण हलगीचं काय? टिपरू पडलं की आवाज काही मिलीसेकंदांत शेंड्याला पोचतो आणि लगेच उतरतो. काटा जागा होईस्तोवर ठोका होऊन गेलेला असतो. खरा शेंडा काट्याच्या आकड्यापेक्षा १० डेसिबलहून वर असू शकतो, व्होल्टच्या हिशोबात तिपटीहून जास्त. काटा म्हणतो, आवाज कमी आहे. आत मशीन गुदमरलेलं असतं.

गोदीतल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. स्लिंगमधला माल सावकाश उचलला तर काही होत नाही. तोच माल झटक्यानं उचलला तर दोर तुटतो आणि खालचा माणूस जातो. वजन तेवढंच असतं, मारतो तो झटका. व्हीयूचा काटा वजन बघतो. झटका त्याला दिसत नाही. आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. बीबीसीनं १९३० च्या दशकातच दुसरा मीटर वापरात आणला, पीपीएम. तो १० मिलीसेकंदांच्या आसपासचा ठोका टिपतो. इलाज होता. ज्याला गरज वाटली त्यानं केला.

आता आपली गोष्ट. आमची पार्टी एका स्टुडिओत गाणं भरायला गेली. तासाचे पैसे मोजलेले. हलगी तापवून आणलेली, कडाकडा बोलणारी. समोर कॉम्प्युटर, पडद्यावरचा मीटर सरासरी दाखवायला लावलेला. साहेब म्हणाले, "लेव्हल येत नाही, जोरात मार." पोरानं मारलं. साहेबांनी वर आणखी गेन चढवला. परत ऐकलं तर सगळं तडतडलेलं. मीटर शांत, आवाज फाटलेला. साहेबांनी निकाल दिला: "हे वाद्य रेकॉर्डिंगचं नाहीच. बाहेर ठेवा, पॅडवर वाजवून घेऊ."

ज्या पोराच्या बापाला गावगाड्यानं हलगीला जुंपलं, वाजव म्हणून राबवलं आणि शिवू नको म्हणून दूर ठेवलं, त्या पोराला शहरात एका मीटरच्या नावानं पुन्हा बाहेर उभं केलं. यात मीटरचा काय दोष? एक बटण दाबलं असतं तर त्यानं शेंडाही दाखवला असता.

असं पूर्वी झालं नाही का? ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली. ती १९७१ साली सैल झाली. कारण दिलं गेलं की पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. असेल. पण त्या एकतीस वर्षांत भजनात, तमाशात, जलशात पेटी वाजतच होती. रेडिओच्या दारात तिचा सूर चुकीचा ठरला.

दार फोडलं ते स्वस्त यंत्रानं. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट काढली. स्टुडिओची टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर धावायची, कॅसेटची जेमतेम पावणेपाच. आवाज हलका, खरखर फार. पण १९८० च्या दशकात त्याच खरखरीतून भीमगीतं चाळीचाळींत पोचली. मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळायची गरज उरली नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. खूश होऊ नका. बोलणं साफ यावं म्हणून कॉलमध्ये गोंगाट छाटणारी सोय बसवलेली असते. तिच्यापुढं हलगी वाजवा, ती हलगीलाच गोंगाट समजून कापते. काटा गेला, कात्री आली. गोंगाट कशाला म्हणायचं हे अजून दुसराच ठरवतो.

म्हणून शिका. फार अवघड नाही. हलगीपासून माइक लांब न्या. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबल उतरतो. शुअरचा एसएम ५७, १९६५ सालचा, साधा डायनॅमिक माइक, जगभर ड्रमवर लावतात; तो हलगीचा मार सोसतो. न्यूमनच्या यू ८७ सारख्या महागड्या माइकलाही १० डेसिबल कमी करायचा खटका असतो, तो कशासाठी ते साहेबाला विचारा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नाही, तिथं आवाजाचं डोकंच उडतं. म्हणून २४ बिटवर भरा, मीटर शेंड्यावर लावा, आणि शेंडा उणे १० च्या खाली ठेवा. वर चढवायचं ते नंतर चढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. आणि लिमिटर जपून वापरा. ठोक्याचं टोक कापलं तर हलगीची पिंपं होतात.

या वस्तीत हलगी तापवणारे दहा जण आहेत. मिक्सरवर बसणारा एकही नाही. पुढच्या मेळाव्याला दोघं तरी बसलेले पाहिजेत. नावं आत्ता द्या. वर्गणीतून पहिला माइक घेऊ, आणि पहिलं गाणं त्याच पोराच्या हलगीचं भरू, ज्याला बाहेर ठेवलं होतं.