झोपडपट्टीचा नकाशा



नकाशा म्हणजे सरकारी दप्तरातील रुक्ष कागद, असा आपला समज असतो. पण ज्याचे घर नकाशात नाही, त्याला घरकुलाच्या यादीतही जागा नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूरच्या झोपडपट्ट्यांत सुमारे साडेआठ लाख माणसे मोजली गेली. म्हणजे दर तीन नागपूरकरांतील एक.

१९७१ च्या कायद्याने झोपडपट्टी घोषित झाली की नळ येतो, दिवा येतो; जमीन मात्र येत नाही. तिच्यासाठी पट्टा हवा आणि पट्ट्यासाठी मोजणी. घराला क्रमांक द्यावयाचा, फीत धरून लांबीरुंदी घ्यावयाची, मग तो आराखडा भूमापनाच्या नकाशावर बसवावयाचा. तेव्हा कळते की जमीन कोणाची: महापालिकेची, सुधार प्रन्यासाची की रेल्वेची. विदर्भात आणखी एक पेच आहे, ‘झुडपी जंगल’ या नोंदीचा. तेथे आज झुडूप नसेल, घरेच असतील. तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जमीन वनभूमीच मानली. केंद्राच्या अनुमतीवाचून तेथे पट्टा नाही.

चार्ल्स बूथने १८८९ साली लंडनच्या दारिद्र्याचा नकाशा काढला, तो रस्त्यारस्त्याला रंग देऊन. आपल्याला एकेक दार मोजावयाचे आहे. मोजणाऱ्यांत वस्तीतली माणसे असावीत, असा आमचा आग्रह आहे. दार बंद म्हणजे घर रिकामे नव्हे. घरची माणसे कामावर गेलेली असतात, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. कच्चा नकाशा वस्तीत टांगावा, हरकती ऐकाव्यात, मगच तो पक्का करावा. घरे पुढे बांधता येतील. पण गणतीतून सुटलेल्यासाठी ती बांधणार कोण?