शाळेतील संगणकांची यादी कोणत्या स्वरूपात ठेवावी?

(दासगाव, ता. महाड येथील शिक्षक-सभेपुढील भाषण)



सावित्रीच्या खाडीकाठचे दासगाव हे एके काळी बंदर होते. मुंबईहून आलेली माणसे येथे बोटीतून उतरत आणि महाडची वाट धरीत. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेस निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी याच बंदरात उतरले होते. जेथे वाहन बदलते तेथे मालाची यादी स्पष्ट असावी लागते. बोटीवरच्या तांडेलास कळलेली, पण गाडीवानास न कळलेली यादी निरुपयोगीच ठरावयाची. शाळेतील संगणकांच्या माहितीचेही असेच आहे. ती शाळेतून केंद्रप्रमुखांकडे, तेथून पंचायत समितीत व पुढे अलिबागेस जाते. कधी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडेही जाते. प्रत्येक मुक्कामी यंत्र निराळे, त्यातील आज्ञावली निराळी आणि वाचणारा माणूसही निराळा. म्हणून ती माहिती कोणत्या स्वरूपाच्या फाईलमध्ये ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘संगणक संच, नग ५’ एवढी एकच ओळ पुष्कळदा आढळते. यू-डायस प्लसच्या प्रपत्रातही मुख्यतः संख्याच मागितली जाते. पण संख्येने दुरुस्ती होत नाही. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. शाळेतील पाचांपैकी किती यंत्रे या कसोटीस उतरतील, कितींची केवळ रॅम वाढवून भागेल आणि कितींचा निर्लेखनाचा प्रस्ताव करावा, हे ‘नग ५’ या शब्दांतून ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही.

दुसरे कारण या खोऱ्यातील लोकांस निराळे सांगावयास नको. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले. अशा आपत्तीनंतर पंचनामा होतो व काय गेले ते विचारले जाते. यादी ज्या संगणकात होती तोच चिखलात असेल आणि नोंदवही भिजून लगदा झालेली असेल, तर शिक्षकाने अनुक्रमांक कोठून आणावेत? यादीची एक प्रत शाळेबाहेर असलीच पाहिजे, आणि ती ज्याच्याकडे असेल त्याच्या यंत्रावर विनासायास उघडली पाहिजे. स्वरूपाची निवड या कसोटीवर करावयाची आहे.

सर्वांत प्रचलित स्वरूप म्हणजे नोंदवहीच्या पानाचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र. ते धाडण्यास सोपे, परंतु त्यातील आकड्यांची बेरीज होत नाही. आणि पुढे पाठविता पाठविता चित्र इतके आकसते की आठ व तीन यांतील भेद उरत नाही. पीडीएफ त्याहून बरे. १९९३ साली निघालेले हे स्वरूप २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले, व ते कोठेही जसेच्या तसे दिसते. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत त्यातच द्यावी. मात्र पंचवीस शाळांच्या पीडीएफ केंद्रप्रमुखांकडे आल्या तर त्यांना त्या पुन्हा हाताने टंकाव्या लागतात, आणि चुका शिरतात त्या तेथेच.

विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ नावाची सोय आहे. तीत यंत्राची सर्व कुंडली दिसते. ती ‘सेव्ह’ केली तर ‘एनएफओ’ स्वरूपाची फाईल होते, आणि ती नीट वाचण्यास पुन्हा विंडोजचेच यंत्र लागते. ‘एक्स्पोर्ट’ केली तर साधा मजकूर मिळतो. कारागिरास तो देणे अधिक सोयीचे. तथापि हा मजकूर शेकडो ओळींचा असतो आणि त्यात वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव व जाळ्यातील पत्तेही येतात. तो समूहावर सरसकट टाकू नये. त्यातून प्रोसेसर, रॅम, साठवण, मदरबोर्ड व प्रणाली एवढेच वेचून घ्यावे. अनुक्रमांक यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीवरून उतरावा.

उरला प्रश्न तक्त्याचा. एक्सेल बहुतेकांच्या हातचे आहे, आणि रोजच्या कामास ते वापरण्यास हरकत नाही. पण जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपास ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे. शाळेस तिची बाधा नाही. परंतु २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, व त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध रखडला. एवढ्या प्रगत देशातील आरोग्ययंत्रणा फाईलच्या एका जुन्या स्वरूपापायी अडखळली!

मूळ प्रत म्हणून सर्वांत भरवशाचे ठरते ते ‘सीएसव्ही’, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर. एक संगणक म्हणजे एक ओळ. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे. त्याला कोणत्याही कंपनीची आज्ञावली लागत नाही. काहीच नसेल तर नोटपॅडमध्येही ते वाचता येते. २००५ साली ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात त्याचे नियम लिहिले गेले, पण प्रघात त्याहून पुष्कळ जुना आहे. एक्सएमएल, जेसन ही स्वरूपे यंत्रांच्या आपसांतील बोलण्यास चांगली. शाळेने त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

सीएसव्ही निर्दोष आहे असे मात्र नाही. कोणता रकाना आकड्यांचा व कोणता मजकुराचा हे त्यात लिहिलेले नसते, आणि एक्सेल ते स्वतःच्या बुद्धीने ठरविते. फाईलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली की अनुक्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात. ‘३ई५’ सारखा अनुक्रमांक तीन लाख होऊन बसतो. पंधराहून अधिक अंक असतील तर पुढचे अंक शून्य होतात. ही खोड इतकी प्रसिद्ध आहे की मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने काही जनुकांची नावेच बदलली व २०२० साली तसे नियम प्रसिद्ध केले. कारण एक्सेल त्या नावांच्या तारखा करीत असे. शास्त्रज्ञांना नावे बदलता आली, शिक्षकाला अनुक्रमांक बदलता येत नाही. तेव्हा फाईल ‘डेटा’ या विभागातून आत घ्यावी व अनुक्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. नवा तक्ता करतानाही हे आधी करावे. आकडा एकदा बिघडल्यावर रकाना बदलून तो परत येत नाही.

मराठीसाठी आणखी एक दक्षता हवी. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर ते टंक नसलेल्या यंत्रावर अगम्य दिसतो. लेखन युनिकोडमध्येच करावे, आणि एक्सेलमधून जतन करताना नुसते ‘सीएसव्ही’ न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्यावा. नुसता पर्याय घेतल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

तक्ता सजविण्याची हौस आपल्या वर्गात मोठी आहे. वर शाळेचे नाव मोठ्या अक्षरांत, घरे जोडून केलेला मथळा, नादुरुस्त यंत्रास लाल रंग. सीएसव्हीमध्ये रंग टिकत नाही, जोडलेली घरे मोडतात. ‘नादुरुस्त’ हा शब्द ‘स्थिती’ या रकान्यात लिहावा आणि शाळेचा यू-डायस क्रमांक प्रत्येक ओळीत द्यावा. ‘४ जीबी’, ‘४जी.बी.’, ‘चार’ अशी तीन शाळांची तीन तऱ्हा झाली तर बेरीज होत नाही. ‘जीबी’ रकान्याच्या नावात असावे, खाली केवळ आकडा. दिनांक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा लिहिला की क्रम आपोआप लागतो. वर्णनात स्वल्पविराम आलाच तर ते वर्णन दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे.

यादी वर्षातून दोनदा ताजी करावी, व त्यांपैकी एकदा मे महिन्याच्या सुटीपूर्वी. फाईलच्या नावात यू-डायस क्रमांक व दिनांक असावा. एक प्रत केंद्रप्रमुखांकडे, एक शाळेच्या ई-मेलमध्ये, आणि एक छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवावी.