ग्राफिक्स पोटांत असलेला प्रोसेसर

श्रोतेहो, शालान्त परीक्षेपलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकानें संगणकाविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु जें सांगणार आहें तें मीं पेन्शनच्या पैशांनीं शिकलेलें आहे. तेवढा अधिकार आपण मला द्यावा.

२०२१ सालीं दिवाळीपूर्वीं नातवासाठीं संगणक घेण्याचें ठरलें. कल्याणहून दादर, तेथें गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग पायीं लॅमिंग्टन रोड. त्या वर्षीं जगभर चिपांचा तुटवडा होता, आणि डिजिटल नाणीं 'खणणारे' लोक ग्राफिक्स कार्डें ढिगानें उचलीत होते. भाव ऐकून मी स्टुलावर बसलोंच. दुकानदार म्हणाला, "काका, कार्ड पुढें केव्हां तरी घ्या. हा प्रोसेसर न्या, थोडा स्वस्त पडेल." त्या प्रोसेसरच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' हें अक्षर होतें. अनुस्वार राहिला म्हणून मीं आयुष्यभर मुलांचे गुण कापले. पण त्या एका अक्षराकडे माझें लक्ष गेलें नाहीं.

घरीं आल्यावर पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. दोन दिवस आम्ही बिचाऱ्या मॉनिटरला दोष दिला. शेवटीं शेजारची इंजिनियर मुलगी पाहून म्हणाली, "सर, याच्या पोटांत चित्र काढणारा भागच चालूं नाहीं." खोकें फोडलेलें, म्हणून दुकानदारानें माल परत घेतला नाहीं. नातू कांहीं बोलला नाहीं. आईच्या मोबाइलवर डोळे ताणून तो आणखी महिनाभर अभ्यास करीत राहिला, आणि तें मला फार लागलें.

पूर्वीं पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम वेगळें कार्ड किंवा मदरबोर्डावरील चिप करीत असे. जानेवारी २०११ मध्यें इंटेलनें 'सँडी ब्रिज' मालिकेंत हिशेब करणारा व चित्र काढणारा असे दोन्ही भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आणले. एएमडीनेंहि त्याच वर्षीं तसे प्रोसेसर काढले. एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी त्यांनीं २००६ मध्येंच विकत घेतली होती. इंटेलच्या 'एफ' प्रोसेसरांत हा चित्राचा भाग बंद असतो. एएमडीच्या रायझनमध्यें उलट होतें, शेवटीं 'जी' असेल तरच चित्र. २०२२ च्या ७००० मालिकेपासून मात्र बहुतेक रायझनांत कामापुरतें ग्राफिक्स येतें.

आतां यांतील खरी गोम ऐका. कार्डाला स्वतःची मेमरी असते. पोटांतल्या ग्राफिक्सला ती नसते, तें संगणकाच्या रॅमवरच जगतें. ज्यांनीं चाळींत दिवस काढले त्यांना सामायिक नळ आठवत असेल. एकाची बादली भरेपर्यंत दुसऱ्यानें हंडा घेऊन उभें राहावयाचें! रॅमची एकच पट्टी लावली म्हणजे तसा एक नळ. दोन लावल्या म्हणजे दोन. डीडीआर-४ जातीची ३२०० ची एक पट्टी सेकंदास २५.६ गिगाबाइट देते, दोन मिळून ५१.२. याउलट २०१९ मध्यें आलेलें साधें जीटीएक्स १६५० कार्ड केवळ चित्रांसाठीं १२८ गिगाबाइट राखून असतें. म्हणून सोळाची एक पट्टी घेऊं नये, आठाच्या दोन घ्याव्या. दुकानदार हें आपण होऊन क्वचितच सांगतो.

पुढल्या वर्षीं भाच्यासाठीं आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला, दोन पट्ट्यांसह. सहा कोर, ६५ वॉटचा प्रोसेसर, आणि वेगळें कार्ड नाहीं. मराठी टंकलेखन, जमाखर्च, व्याख्यानांचे व्हिडिओ, मुलांचे जुने खेळ, सर्व सुरळीत चालतें. वीज गेली तर लहानसा यूपीएस काम जतन करण्यापुरता पुरतो. सामान्य गृहस्थानें दुसरें कांहीं घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

पण पुढें कार्ड बसवीनच असें ज्याचें निश्चित आहे त्यानें विचार करावा. ५६००जी मध्यें एल-३ कॅश १६ मेगाबाइट आहे, ५६००एक्समध्यें ३२. आणि कार्डाशीं बोलण्याची वाटहि 'जी' मध्यें एक पिढी जुनी आहे. कार्ड आल्यावर पोटांतलें ग्राफिक्स बहुधा रिकामेंच बसतें, त्याचे पैसे मात्र मोजलेले असतात. शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. तेव्हां कार्डावर वाचविलेले पैसे पट्ट्यांत किती जातात, तेंहि कागदावर मांडून पाहावें.

माझी नात आर्किटेक्चर शिकते. इमारतींचीं त्रिमिति चित्रें रंगवितांना तिचा संगणक रात्र रात्र अडून बसतो. तेथें पोटांतल्या ग्राफिक्सनें भागावयाचें नाहीं, आणि मी कंजूषपणा करणार नाहीं. येत्या रविवारीं आम्ही पुन्हां ग्रँट रोडला जाणार आहोंत. पावती करण्यापूर्वीं खोक्यावरील नांव शेवटच्या अक्षरापर्यंत तीच वाचील, असें तिनें मला आधींच बजावलें आहे.